किनाऱ्यावरच्या गारगोट्यांना चकाकी आणायची तर

पद्धत साधी आहे: दगड, पाणी आणि घासणारी भुकटी बंद ड्रममध्ये घालून दिवसेंदिवस फिरवायची, आणि फेरीगणिक भुकटी आणखी बारीक घ्यायची. पण दगडाला पॉलिश करायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष शेवटच्या पांढऱ्या भुकटीवर असतं. कुठली आणली, किती घातली, किती दिवस फिरवली, एवढंच विचारतात. माझं सांगणं उलटं आहे. दगड चकाकणार की नाही हे तो किनाऱ्यावर उचलताना आणि पहिल्या जाड भुकटीत ठरतं. पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीचे ओरखडे बारीक करत नेते, इतके बारीक की डोळ्याला ते दिसेनासे होतात आणि उजेड पृष्ठावरून सरळ परततो. खळगा राहिला, चीर राहिली, तर ती कुठल्याही महागड्या भुकटीने भरून निघत नाही. म्हणून निवडीबद्दल आणि पहिल्या फेरीबद्दल मी इथे जरा ऐसपैस लिहिणार आहे.

माझं दापोलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचे जळलेले पंप येत राहतात, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. पाऊस लागला की काम ओसरतं, आणि मागच्या पडवीत दगडांचा ड्रम सुरू होतो.

कधी जायचं, कुठे बघायचं

आपल्याकडे पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू आत ओढून नेतात आणि खालचा गोट्यांचा थर उघडा पडतो. दिवाळीनंतर समुद्र शांत होत जातो, तशी वाळू हळूहळू परत येते आणि गोटे झाकले जातात. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते दिवाळी हा सगळ्यात चांगला काळ. भर पावसात उधाणाच्या समुद्राजवळ दगडांसाठी जाऊ नका, गोटे कुठे पळून जात नाहीत.

ओहोटी मोठी हवी, म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. वेळ काढायला कोळी मंडळींचा जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वापाच-साडेपाचला पाणी सगळ्यात खाली. मोठ्या ओहोट्या अशा पहाटे आणि संध्याकाळी येतात, ते आपल्या फारच सोयीचं आहे. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी उतरत्या उन्हाकडे तोंड करून ओल्या गोट्यांतून चालत राहा. कॅल्सिडोनी आणि अकीक (अगेट) हे गारगोटीच्याच कुळातले दगड अर्धपारदर्शक असतात, कडेने उजेड आत शिरला की ते काळ्या गोट्यांत पेटल्यासारखे उठून दिसतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात त्याच दगडावरून तुम्ही पाय देऊन पुढे जाल.

मी बहुतेक वेळा लाडघरला जातो. तिथल्या किनाऱ्याला तामसतीर्थ म्हणतात, लालसर गोट्यांमुळे उथळ पाण्यालाही तांबूस छटा दिसते. पण जागा कुठलीही असो, बघायचं एकच: किनाऱ्यालगत काळ्या कातळाचा कडा आहे का, आणि त्या कातळात पांढरे ठिपके, पांढऱ्या शिरा आहेत का. आपला हा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर पाण्यासोबत आलेल्या सिलिकाने त्या पोकळ्या भरल्या. कातळ झिजतो, पोकळीतली गारगोटी कठीण म्हणून मागे उरते आणि लाटांबरोबर किनाऱ्यावर येते. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर खडक वेगळा, तिथे क्वार्टझाइटचे पांढरे-गुलाबी गोटे मिळतात. तेही छान फिरतात.

उचलण्याबद्दल दोन शब्द, आणि ते मनापासून. किनारपट्टीच्या संरक्षणासाठी असलेल्या सीआरझेडच्या नियमांनी किनाऱ्यावरची वाळू आणि खडक उपसायला बंदी आहे. छंदासाठी ओंजळ-दोन ओंजळी गोटे आणि पोत्याने भरलेला माल यांतला फरक आपण स्वतः पाळायचा. मी एक कापडी पिशवी नेतो, ती भरली की परत फिरतो. मालवणच्या सागरी अभयारण्यातलं काही उचलू नका. प्रवाळाचा तुकडा कुठेही दिसला तरी तो तिथेच राहू द्या, वन्यजीव संरक्षण कायद्यात तो येतो. कातळावर छिन्नी-हातोडा चालवू नका. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी थंडीपासून कासवांची घरटी वाळूत असतात, त्या दिवसांत वाळू उकरू नका.

दगडाची पारख

घरी आल्यावर गोटे गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालतो, मीठ निघून जातं. मग एकेक हातात घ्यायचा.

पहिली परीक्षा कठीणपणाची. माझ्या खिशात टेस्टर असतो, त्याचं पोलादी टोक दगडावर जोर देऊन ओढतो. ओरखडा पडला तर दगड बाद. कॅल्साइट, झिओलाइट असे मऊ स्फटिक इथेच गळतात. रेघ उठलेली दिसली तर बोटाने पुसून बघा. पुसली जात असेल तर ती पोलादाची झिज आहे, म्हणजे दगड कठीण आहे. नवखी माणसं या चकचकीत करड्या रेघेला ओरखडा समजून चांगली गारगोटी फेकून देतात. उलट बाजूने, खरी गारगोटी काचेवर घासली की काचेवर चरा उठतो. कठीणपणाच्या मोह्स मापनश्रेणीवर क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, ७ वर आहे, अकीक त्याच्याच बरोबरीचा.

लाल दगडांत फार काळजी घ्या. जांभा, दोन लाव्हा थरांमधली भाजलेली लाल माती आणि जास्पर (गारगोटीच्या कुळातला लाल, अपारदर्शक दगड), तिन्ही ओले असताना एकसारखे दिसतात. जांभा आणि लाल माती टेस्टरने सहज खरवडते. असा एक खडा जरी ड्रममध्ये गेला तरी विरघळून सगळा चिखल लाल करतो आणि बाकीच्या दगडांच्या चिरांत जाऊन बसतो. जास्परला मात्र टोक लागत नाही. तो लाडघरला हाती लागला तर जपून ठेवा, त्याच्यासारखा रंग दुसऱ्या कशाला येत नाही.

दुसरी परीक्षा चिरांची. दोन गोटे एकमेकांवर हलके आपटून ऐका. सलग दगड टणकन वाजतो, आतून फुटलेला बद्द वाजतो. त्यानंतर दगड ओला करून उन्हात ठेवा. बाकी पृष्ठ वाळलं तरी चीर ओली राहते आणि काळी रेघ दिसते. ही परीक्षा मी कधीच टाळत नाही, कारण चिरेत लपलेला जाड भुकटीचा एक कण तीन आठवड्यांनी पॉलिशच्या फेरीत बाहेर येतो आणि अख्ख्या ड्रमभर ओरखडे पाडतो.

काळा कातळ फिरवायचा का, असं विचारतात. बुडबुड्यांची भोकं असलेला मुळीच नको. बारीक कणाचा, भरीव काळा गोटा सुंदर गुळगुळीत होतो, पण अकीकासारखी काचेची चकाकी त्याला येत नाही, मंद तकाकी येते. त्याचा ड्रम वेगळा भरा, गारगोटीबरोबर घातलात तर तो आधी झिजून जाईल.

आकार मिसळलेले हवेत. एक सेंटिमीटरपासून चार सेंटिमीटरपर्यंत, त्यात एखाद-दुसरा पाचाचा. सगळे मोठे घेतलेत तर मधल्या फटींत घासणारं काही राहत नाही. नको असलेले गोटे पुढच्या खेपेला त्याच किनाऱ्यावर सोडायचे.

यंत्र

तयार यंत्रं मिळतात, किलो-दीड किलोचा रबरी ड्रम असलेली. सुरुवातीला तेवढं पुरतं. अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणणार असेल तर ते ११० व्होल्टचं असतं, आपल्या सॉकेटला थेट लावलं तर जळेल. कंप पावणारी यंत्रंही असतात. ती वेगाने काम करतात पण दगडाचा मूळ आकार तसाच ठेवतात, गोलाई आणत नाहीत. आपल्याला फिरणारा ड्रम हवा.

मी घरी बनवतो, आणि हात चालवायची सवय असलेल्या कोणालाही जमेल. गणित एवढंच: सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ४०च्या आसपास फिरला पाहिजे. फार जोरात फिरवला तर दगड भिंतीला चिकटून वर जातात आणि आपटतात, कडांचे टवके उडतात.

मोटर पाव एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएमची घ्या. ती चोवीस तास चालणारी हवी. मिक्सरची किंवा शिलाई मशीनची मोटर या कामाला नाही, एका रात्रीत तिचं वाइंडिंग जातं. मोटरवर २ इंची पुली, रोलरवर १२ इंची. १४४० भागिले ६ म्हणजे रोलर २४० आरपीएम. रोलर म्हणजे २० मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई), त्यावर रबरी पाइप चढवून बाहेरचा व्यास २६ मिलिमीटरच्या आसपास. १६० ला २६ ने भागलं की सहाच्या थोडं वर येतं, म्हणजे ड्रम ३९ आरपीएम. दुसरा रोलर तसाच, पण मोकळा. दोन्ही पी-२०४ च्या पेडेस्टल बेअरिंगवर, मध्यापासून मध्यापर्यंत १३ सेंटिमीटर अंतर. त्याहून जवळ घ्यायला गेलात तर बेअरिंगचे पाय एकमेकांना अडतात. १२ इंची पुली टेबलाच्या कडेबाहेर लोंबती ठेवा, मोटर खालच्या फळीवर.

ड्रम म्हणून जाड एचडीपीईची, रुंद तोंडाची, साधारण ५ लिटरची बरणी मी वापरतो. आत ट्रकच्या ट्यूबचा पट्टा गोल वळवून बसवतो. या प्लास्टिकला सोल्यूशन नीट धरत नाही, म्हणून पट्टा आतल्या परिघापेक्षा किंचित लांब कापायचा, तो स्वतःच्या ताणानेच घट्ट बसतो. गुळगुळीत प्लास्टिकवर दगड नुसते घसरतात, रबर त्यांना थोडं वर उचलून पुन्हा घरंगळू देतं. घासण्याचं काम त्या घरंगळण्यात होतं. बरणीवर बाहेरून स्कूटरच्या ट्यूबची दोन वलयं चढवा. ड्रम फिरताना एका बाजूला सरकत जातो, त्या टोकाला नायलॉनचं बटण लावून अटकाव करा.

आता जे सांगतो ते सोडू नका. मोटरला अर्थिंग हवंच, आणि लाइन आरसीसीबीमधून (विजेची गळती होताच लाइन तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या, कारण ड्रम कधीतरी गळणार. मोटर आणि रोलरच्या पुल्यांवर चढवलेल्या पट्ट्यावर जाळी लावा. पदर, ओढणी, लहान मुलांची बोटं, काहीही त्यात जाऊ शकतं. माझ्याकडे हे यंत्र दिवसाला तीन युनिटांच्या आसपास खातं. महिनाभर सलग चाललं की बिलात नव्वदएक युनिटं वाढतात, हे घरात आधी बोलून घ्या.

जाड भुकटीची फेरी

भुकटी सिलिकॉन कार्बाइडची. दुकानदार कार्बोरंडम म्हणतात. पुणे, कोल्हापूर, मुंबईत औद्योगिक अब्रेसिव्हच्या दुकानांत किलोवर मिळते, फक्त नंबर सांगायचा: ८०, २२०, ६००. नंबर जितका मोठा तितकी भुकटी बारीक. गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तेलकट असते, ती नको.

ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरा. माझ्या बरणीत साडेतीन-चार किलो दगड बसतात. त्यावर ८० नंबरची पाव किलो भुकटी. दगडांचा वरचा थर जेमतेम उघडा राहील इतकं पाणी. झाकण लावण्याआधी आटे आणि वॉशर ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा, एक कण राहिला तरी तिथून गळती लागते. पहिले दोन दिवस रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या, काही दगडांमुळे तो साठतो आणि बरणी फुगते.

मग कान द्या. नीट भरलेल्या ड्रमचा आवाज एकसारखा सरसर येतो. खडखडाट येत असेल तर ड्रम रिकामा आहे किंवा पाणी फार आहे. अगदीच शांत झाला तर तो खच्चून भरलाय किंवा आतला चिखल इतका घट्ट झालाय की दगड हलतच नाहीत, थोडं पाणी घाला. मोटरवाल्याला कानाने निदान करायची सवय असते. तुम्हालाही आठवडाभरात होईल.

सात दिवसांनी उघडा. चिखल बोटांत चोळून बघा. खरखर लागली नाही, साय लागली, तर भुकटी संपली. दगड धुवून एकेक बघायचा. इथेच सगळी घाई होते. थोडे गोल झाले, हाताला छान लागले, की माणूस पुढच्या नंबरवर जातो. तसं करू नका. कोरड्या दगडावर नख फिरवा. खळगा लागतोय, कड लागतेय, पांढरा फुटका डाग दिसतोय, तर तो पुन्हा ८० मध्ये. गारगोटीला तीन-चार फेऱ्या सहज लागतात, म्हणजे जवळजवळ महिना, आणि वजनाचा पाव हिस्सा झिजून जातो. जे तयार झाले ते वेगळ्या डब्यात ठेवा, त्यांची जागा नव्या दगडांनी भरा. असा डबा भरत भरत ड्रमभर तयार दगड जमले की मगच पुढचा नंबर. या छंदात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, काही तासांनी आल्यावर ड्रम आपोआप सुरू होतो. आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते. तेव्हा मात्र बरणी उघडून गाळ हाताने ढवळून ठेवतो, नाहीतर तो तळाशी सिमेंटसारखा बसतो. याच कारणाने हा गाळ मोरीत किंवा बेसिनमध्ये कधीही ओतू नका. परसात खड्डा करून त्यात टाका आणि वर माती ओढा.

धुळीबद्दल

गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर हजारो वर्षं अकीकाचे मणी घडवत आले आहेत. जुनी रीत अशी की चामड्याच्या पिशवीत मणी, भुकटी आणि पाणी घालायचं आणि दोन माणसांनी ती पिशवी दिवसेंदिवस एकमेकांकडे लोटत राहायची. आपला ड्रम त्याच पिशवीचा वंशज. पण त्याच गावात चाकावर अकीक कोरडा घासणाऱ्या माणसांना सिलिकोसिस होतो. बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते, तिथे व्रण होतात आणि ते परत भरून येत नाहीत. म्हणून आपल्या कामात सगळं ओलं. सांडलेला गाळ वाळू देऊ नका, लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला गाळ झाडूने झाडू नका. ग्राइंडरवर दगडाची कड कोरडी घासायचा मोह आवरा. घरात मुलं असतील तर दुप्पट काळजी.

पुढच्या फेऱ्या

२२० ची फेरी सात दिवस, ६०० ची सात ते दहा दिवस. भुकटीचं माप तेवढंच. प्रत्येक वेळी ड्रम दोन तृतीयांश भरलेला हवा. झिजून कमी पडले तर आधीच्या तयार दगडांनी किंवा बारीक गारगोट्यांनी भर घाला. त्या बारीक गारगोट्यांचे डबे नंबर लिहून वेगळे ठेवा, ६०० च्या ८० मध्ये चालतील पण ८० च्या ६०० मध्ये कधीच नाही. ६०० मध्ये मी दोन चमचे साखर टाकतो. पाण्याला दाटपणा येतो, भुकटी दगडाला धरून राहते आणि आपटणंही कमी होतं.

दोन फेऱ्यांमध्ये धुणं हे अर्धं काम आहे. दगड जुन्या टूथब्रशने घासा, दोन पाण्यांनी धुवा, बरणी आणि रबराचा पट्टा बाहेर काढून धुवा. पॉलिशसाठी बरणी, झाकण, बादली, ब्रश, सगळंच वेगळं ठेवलंत तर उत्तम. ६०० संपल्यावर किसलेल्या साध्या साबणाबरोबर अर्धा दिवस फिरवा, फटींतला उरलेला गाळ फेसाबरोबर निघून येतो.

शेवटी पॉलिश. १ मायक्रॉनचं अल्युमिनियम ऑक्साइड अकीकाला आणि गारगोटीला चांगलं. सेरियम ऑक्साइड काच पॉलिश करणाऱ्यांकडे मिळतं, तेही चालतं, महाग आहे. चार किलोला दीडशे ग्रॅम, पाणी नेहमीपेक्षा जरा कमी, आणि दगड एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन मुठी प्लास्टिकचे दाणे. सात ते दहा दिवस. त्यानंतर पुन्हा साबणात अर्धा दिवस.

परीक्षा नेहमी कोरड्या दगडाची करा. ओला दगड चकाकतोच, अगदी किनाऱ्यावरचा न घासलेलासुद्धा. दगड पूर्ण वाळवा, ट्यूबलाइटखाली धरा आणि पृष्ठावर ट्यूबचं प्रतिबिंब बघा. त्याची कड रेघेसारखी स्पष्ट दिसली तर काम झालं. कड धूसर असेल आणि पृष्ठ सगळीकडे सारखंच मंद असेल, तर पॉलिश आणखी चार दिवस चालवा. भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसले तर जाड कण आत शिरलेत, पॉलिश कितीही वाढवून उपयोग नाही. सगळं धुवून ६०० वर परत जा. एखाद्याच दगडावर मंद डाग राहिला असेल तर तो दगडच तिथे मऊ आहे, त्याला बाजूला काढा. वार्निश किंवा खोबरेल लावून तो डाग झाकू नका. तेल लावलेला दगड आठवड्यात धूळ धरतो आणि पुढे कधी परत फिरवायचा झाला तर तेच तेल सगळ्या ड्रमभर पसरतं.